मालदीवचा प्रवास : वारा, नक्षत्र आणि तिथि पाहून

प्रवासास निघतांना दिवस पाहण्याची चाल आपल्या घरांत जुनी आहे. पूर्वीचीं माणसें दिशाशूल आणि अमावास्या पाहून उंबरठा ओलांडीत. हल्लींचीं मुलें विमानाचें भाडें पाहून ओलांडतात. या दोन्ही पंचांगांत एक गोष्ट पाहावयाची राहून जाते, ती म्हणजे ज्या ठिकाणीं जावयाचें त्या ठिकाणचा काळ. ती न पाहिल्यामुळें आमच्याच घरांत एकदां जी फजिती झाली, तिचें कारण शोधतां शोधतां आम्हांस जें कळलें, तें या महिन्यांत वाचकांपुढें मांडीत आहों. विषय चैनीच्या सहलीचा आहे. निवृत्त शिक्षकानें त्यांत कशास पडावें, असें कोणी म्हणेल. परंतु आतां पुष्कळ घरांतून मुलेंसुना आईबापांस अशा सहलींस नेऊं लागलीं आहेत, आणि त्यांत घालावयाचा पैसा बहुधा आयुष्यभराच्या बचतीचा असतो. तेव्हां त्याचा विचार घरांतील वडीलधाऱ्यांनींहि करणें प्राप्त आहे.

आमचे धाकटे बंधु नोकरींतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं सर्व कुटुंबासह एक लांबचा प्रवास करण्याचें ठरविलें. ते स्वतः, त्यांची पत्नी, मुलगा, सून आणि दोन नातवंडें अशीं सहा माणसें २०२५ च्या फेब्रुवारींत मालदीव बेटांस गेलीं. व्यवस्था एका प्रवासी कचेरीनें केली होती. पाण्यांत खांब रोवून उभारलेल्या बंगलींत तीन रात्रींचा मुक्काम आणि हनिफारू नांवाच्या आखातांत मांटा माशांचें दर्शन, असा बेत होता. नात तेव्हां दहा वर्षांची होती. तिनें वर्षभर एका वहींत मांटाचीं चित्रें काढलीं होतीं. कोणत्या मांटाच्या पोटावर कसे ठिपके असतात, तें ती आम्हांस नकाशा दाखवावा तसें समजावून सांगे.

होडी आखातांत गेली. आकाश निरभ्र होतें, पाणी स्फटिकासारखें स्वच्छ होतें, आणि त्या पाण्यांत एकहि मांटा नव्हता. नातीनें होडीवाल्या तरुणास विचारलें, तेव्हां त्या प्रामाणिक मुलानें सांगितलें, “ते आतां इकडे नसतात. पावसाळ्यांत या.” परत आल्यावर प्रवासी कचेरीस जाब विचारला, तर उत्तर मिळालें कीं, छापील पत्रकांत ‘शक्य झाल्यास’ असे शब्द आहेत. ते होते. तें पत्रक आमच्याहि हातीं आलें होतें, आणि ‘फेब्रुवारींत हवामान सर्वोत्तम’ हें वाक्य वाचून आम्हींच संमतीची मान डोलाविली होती. तेव्हां दोषाचा एक वांटा आमचाहि आहे.

बंधु आम्हांस म्हणाले, “दादा, पैसे गेले त्याचें तितकें वाटत नाहीं. पोरीला शब्द दिला होता.” आतां त्यांची एक ठेव मुदत पुरी होऊन हातीं येणार आहे, आणि तिच्यांतून पुन्हां एकदां जावें असें त्यांच्या मनांत आहे. आमच्या भावजयीचें म्हणणें निराळें : “समुद्र दापोलीलाहि आहे. एकदां हौस झाली, पुरे झालें.” दोघांनींहि निर्णय आमच्यावर सोंपविला. निर्णय देण्यापूर्वीं प्रश्न समजून घ्यावा, म्हणून आम्हीं कांहीं महिने वाचन केलें, तेथें राहून आलेल्या दोघांतिघांस विचारलें, आणि भिंतीवरचें पंचांगहि काढून बसलों.

मालदीव म्हणजे विषुववृत्ताच्या आसपास, दक्षिणोत्तर सुमारें ८७० किलोमीटर पसरलेलीं जवळजवळ १,२०० प्रवाळबेटें. त्यांपैकीं सुमारें २०० बेटांवरच लोकवस्ती आहे. बेटें कंकणाच्या आकारानें समूहासमूहानें वसलीं आहेत. असे २६ समूह आहेत. अशा कंकणास इंग्रजींत ‘ॲटॉल’ म्हणतात, आणि तो शब्द मूळचा त्या बेटांच्याच भाषेंतला आहे. समुद्रांतील ज्वालामुखी हळूहळू खचत जातो, त्याच्या कडेनें प्रवाळ वर वर वाढत राहतो, आणि शेवटीं डोंगर नाहींसा होऊन भोंवतालचें कडें तेवढें उरतें, अशी उपपत्ति डार्विननें १८४२ सालीं ग्रंथरूपानें मांडली. बेटांचा चारपंचमांश भाग समुद्रसपाटीपासून एक मीटरहूनहि कमी उंचीवर आहे. आमच्या पिढीनें सारीपाटावर ज्या कवड्या टाकल्या, त्या कवड्यांचा हा प्राचीन आगर. बंगालपर्यंत त्या नाणें म्हणून चालत. इब्न बतूता या प्रवाशानें १३४३-४४ च्या सुमारास येथें काजीचें काम केलें. त्यापूर्वीं, ११५३ सालीं, बौद्ध धर्म सोडून या बेटांनीं इस्लामचा स्वीकार केला होता. पाहुण्यांसाठीं पहिलें विहारस्थान निघालें तें मात्र अलीकडे, १९७२ सालीं.

संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यास याहून अधिक गोडी वाटावी अशी गोष्ट पुढेंच आहे. तेथील दिवेही भाषा आर्यकुळांतली, सिंहलीची जवळची बहीण. त्यांचा ‘मस’ तो आपला मासा, ‘दुवस’ तो दिवस, ‘हंदु’ तो चंद्र आणि ‘वइ’ म्हणजे वारा. आणि तेथील कोळ्यांचें ऋतुमान नक्षत्रांवर चालतें! त्यास ते ‘नकइ’ म्हणतात. तो आपल्या ‘नक्षत्र’ शब्दाचाच अवशेष. सत्तावीस नकइ आहेत व प्रत्येक तेरा-चौदा दिवसांची. अस्सिद, बुरुनु, केति, रोअनु, मियहेलि, अद, हीं नांवें आम्हीं मोठ्यानें वाचलीं तेव्हां स्वयंपाकघरांतून आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, “अश्विनी-भरणी कां असे बोबडे म्हणतां?” खरोखर तीं अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग व आर्द्राच आहेत. पुष्याचें तेथें ‘फुस’ झालें आहे, कारण त्या भाषेनें आपल्या ‘प’चा ‘फ’ केला.

आपल्याकडे मृग लागला म्हणजे शेतकरी आकाशाकडे पाहतो. मृग आपल्या पंचांगांत ७-८ जूनला लागतो. त्यांच्याकडे ३ जूनला. म्हणजे चारपांच दिवसांचेंच अंतर. त्यांनीं वर्षाचे दोन भाग केले आहेत. ८ एप्रिलला अस्सिद लागली कीं नैऋत्येच्या वाऱ्याचा काळ सुरू होतो. त्यास ‘हुळंगु’ म्हणतात, आणि तो अठरा नक्षत्रें म्हणजे ९ डिसेंबरपर्यंत चालतो. १० डिसेंबरला मूळ नक्षत्रापासून ईशान्येचा वारा, ‘इरुवइ’, सुरू होतो, आणि तो रेवतीअखेर ७ एप्रिलपर्यंत नऊ नक्षत्रें राहतो. पहिल्या काळांत पाऊस, ढग आणि खवळलेला समुद्र. दुसऱ्यांत ऊन, स्वच्छ आकाश आणि शांत पाणी. फेब्रुवारी हा सर्वांत कोरडा महिना. प्रवासी कचेरीचें पत्रक खोटें नव्हतें. माणसाच्या दृष्टीनें फेब्रुवारी उत्तमच आहे. प्रश्न होता मांटाचा.

कोकणांत जाळ्यांत येणारा पाकट वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. मांटा त्याच्याच गणगोतांतला. परंतु याच्या शेपटीस काटा नाहीं, आणि पंखांचा विस्तार तीनचार मीटर भरतो. एवढा मोठा प्राणी खातो काय? तर डोळ्यांस जेमतेम दिसणारे, पाण्याबरोबर वाहणारे सूक्ष्म जीव, ज्यांस प्लवक म्हणतात. तोंड उघडून पोहत राहावयाचें व पाणी गाळून घ्यावयाचें, हाच त्याचा उद्योग. म्हणून जेथें प्लवक तेथें मांटा, हा नियम एकदां ध्यानीं आला कीं बाकीचें गणित आपोआप सुटतें.

नैऋत्येचा वारा वाहूं लागला म्हणजे समुद्राचा प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. मध्यें बेटांच्या कंकणांची भिंत आडवी येते. प्रवाह तींतून वाट काढतांना खोल पाण्यांतील पोषक द्रव्यें वर येतात, आणि बेटांच्या पूर्वेच्या, म्हणजे आडोशाच्या, बाजूस प्लवकाचें पीक येतें. मांटा त्या पिकामागें पूर्वेकडे जातात. ईशान्येचा वारा सुटला कीं सर्व उलट होतें. प्रवाह पश्चिमेकडे वळतो, पीक पश्चिमेच्या बाजूस येतें, आणि मांटाहि तिकडे बिऱ्हाड हलवितात. हनिफारूचें आखात बा नांवाच्या समूहाच्या पूर्वेच्या कडेवर आहे. तेव्हां फेब्रुवारींत तेथें मांटा शोधणें म्हणजे उन्हाळ्यांत पंढरपुरास जाऊन आषाढीची वारी शोधण्यासारखें होतें. मे अखेरपासून नोव्हेंबरपर्यंत ते तेथें असतात, आणि भर हंगाम ऑगस्ट ते ऑक्टोबर, त्यांच्या पंचांगानें मघा ते चित्रा. हनिफारूचा आकार नरसाळ्यासारखा आहे. भरतीचें पाणी आंत शिरलें म्हणजे प्लवक त्यांत कोंडलें जातें. चांगल्या दिवशीं फुटबॉलच्या एकदोन मैदानांएवढ्या त्या जागेंत शंभराहून अधिक मांटा एकामागें एक रांगेनें फिरतांना दिसतात. २००९ सालीं हें आखात संरक्षित झालें, आणि २०११ सालीं युनेस्कोनें सर्व बा समूहास जीवावरण-राखीव क्षेत्राचा दर्जा दिला.

येथेंच सहल आंखणाऱ्यानें एक कडू सत्य गिळावें लागतें. पाणी आरशासारखें स्वच्छ दिसतें, तें त्यांत खाद्य नसल्यामुळें. आणि मांटा येतात तेव्हां पाणी प्लवकानें गढूळ झालेलें असतें. निळें आकाश, संथ समुद्र आणि मांटांचा मेळा हीं तिन्ही एका दामांत मिळत नाहींत. ज्यांस समुद्रकिनारीं स्वस्थ बसावयाचें आहे, प्रवाळांतील रंगीत मासे पाहावयाचे आहेत, वृद्ध माणसें बरोबर आहेत, त्यांनीं जानेवारी ते मार्चच निवडावा. फक्त नाताळापासून नववर्षापर्यंतचे दिवस टाळावे, कारण भाडें तेव्हां वर्षांत सर्वांत चढलेलें असतें. ज्यांस मांटा पाहावयाचे आहेत, त्यांनीं छत्री बरोबर घ्यावी. हुळंगुंत पाऊस दिवसभर पडत नाहीं. सर येते, जाते, आणि पुन्हां ऊन पडतें. पाणी बाराही महिने कोमट असतें. भाडेंहि या काळांत उतरलेलें असतें. आमच्या बंधूंनीं महाग दिवसांत जाऊन सर्वांत कमी पाहिलें, हें आतां ध्यानांत आलें म्हणजे हंसूंहि येतें आणि वाईटहि वाटतें. व्हेल शार्कची गोष्ट मात्र निराळी आहे. नांवांत देवमासा असला तरी तो मासाच आहे, आणि जगांतील सर्वांत मोठा. अरी समूहाच्या दक्षिण टोकास तो वर्षभर दिसतो. ज्यांस मुलांच्या उन्हाळी सुटीखेरीज जातां येत नाहीं, त्यांनीं त्या बाजूचा विचार करावा.

महिना ठरला तरी तिथि राहिलीच. अमावास्या व पौर्णिमेस सूर्य-चंद्रांचें आकर्षण एका रेषेंत येतें आणि भरती मोठी होते. कोकणांत तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटी दोन्ही मंदावतात, तो भांग. उधाणाचा जोर पर्वतिथीनंतर आणखी एकदोन दिवस टिकतो. हनिफारूंत प्लवक भरून येतें तें उधाणाच्या भरतीबरोबर. म्हणून मुक्काम आंखतांना अमावास्या किंवा पौर्णिमा मध्यें धरून दोहों बाजूंस दोनतीन दिवस ठेवावे. प्रवासी कचेरींतील तरुणास हें सांगितलें तर तो आपल्याकडे कुतूहलानें पाहील, पाहूं द्यावें. हनिफारूचे होडीवालेहि चंद्र पाहूनच दिवस सांगतात.

आतां आमच्यासारख्या घराची खरी अडचण. समुद्राचा भर हंगाम तो नेमका आपल्या सणांचा हंगाम. श्रावण-भाद्रपदांत घरचा गणपति सोडून कोण जाईल? पितृपंधरवड्याची अमावास्या उधाणासाठीं उत्तम. परंतु घरांत तिथि असतात, आणि मुलांची सहामाही परीक्षा तोंडावर असते. चार दिवस शाळा बुडविली तर काय होईल, असें बंधूंनीं विचारलें. मांटाच्या मोहानें ‘बुडवा’ असें म्हणण्यास आमची जीभ क्षणभर उचललीहि होती. परंतु पस्तीस वर्षें ज्यानें हजेरीपत्रक राखलें, गैरहजर मुलांच्या बापांस चिठ्ठ्या लिहिल्या, त्यानें आपल्या घरांतल्या मुलीपुरता नियम बदलावा, हें मनास पटेना. राहिली दिवाळीची सुटी. ती अमावास्येस धरूनच येते, ही जमेची बाजू. पण कोणत्या वर्षीं किती उशिरां येते, हें पाहिलें पाहिजे. २०२६ सालीं ज्येष्ठ अधिक असल्यामुळें लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येतें, आणि तोंवर हंगाम सरत आलेला असतो. २०२७ सालीं तें २९ ऑक्टोबरला आहे. हंगामाचा मध्य तोहि नव्हे. परंतु हातीं येणाऱ्या दिवसांत तोच बरा. म्हणजे एक वर्ष थांबणें आलें.

व्यवस्थेच्या चार गोष्टी सांगतों. मुंबईहून थेट विमान असल्यास राजधानी माले येथें पोंचण्यास तीन तासांच्या आंतबाहेर वेळ लागतो. भारतीयांस प्रवेशपरवाना तेथें उतरल्यावर तीस दिवसांसाठीं विनामूल्य मिळतो. मात्र निघण्यापूर्वीं चार दिवसांच्या आंत एक प्रतिज्ञापत्र संगणकावर भरावें लागतें. पाण्यावर उतरणारीं लहान विमानें दिवसाउजेडींच उडतात. तिसऱ्या प्रहरानंतर मालेस पोंचणाऱ्यास ती रात्र तेथेंच काढावी लागते, आणि महागड्या बंगलीचें एका रात्रीचें भाडें फुकट जातें. यास्तव सकाळीं पोंचणारें विमान घ्यावें. हुळंगुंत वेगवान होडीचा लांब प्रवास वृद्धांस मानवत नाहीं. बा समूहांत धरवंदू बेटावर २०१२ पासून लहान विमानतळ आहे, मालेहून वीसपंचवीस मिनिटांत तेथें पोंचतां येतें, आणि हनिफारू तेथून होडीनें अगदीं जवळ आहे.

धरवंदू हें लोकवस्तीचें बेट. अशा बेटांवर पाहुण्यांसाठीं घरगुती वसतिगृहें २००९ पासून निघालीं आहेत, आणि त्यांचा खर्च विहारस्थानाच्या मानानें पुष्कळ कमी. लोकवस्तीच्या बेटावर मद्य मिळत नाहीं, हें आमच्या घरास सोयीचेंच. तेथील रीतीस मान देऊन अंगभर वस्त्र वापरावें, आणि रमजानांत गेल्यास दिवसा उपाहारगृहें बंद असतील हें धरून चालावें. पूजेच्या मूर्ति बरोबर नेण्यास त्या देशाच्या कायद्यानें मनाई आहे. नित्यपूजा घरच्या कोणावर तरी सोंपवून जावें, आणि तेथें जप करावा. अन्नांत माशाचा चुरा सर्रास असतो, भाजींतहि असतो. शाकाहाराचा अर्थ आगाऊ, लेखी आणि तपशीलवार कळवावा. भाडें विचारतांना तें सर्व करांसह आहे कीं नाहीं, हें अवश्य विचारावें. २०२५ च्या जानेवारीपासून विहारस्थानांत माणशीं दररोज १२ डॉलर हरित कर आहे, लहान वसतिगृहांत ६ डॉलर. शिवाय २०२५ च्या जुलैपासून १७ टक्के विक्रीकर आणि वर सेवेचा आकार. सहा माणसांच्या सहा दिवसांचा हा हिशेब मांडला कीं ‘स्वस्त’ म्हणून सांगितलेली सहल किती स्वस्त तें कळतें.

पाण्यांतील वर्तनाविषयीं थोडें. हनिफारूंत २०१२ पासून हवेची टांकी पाठीस बांधून बुडी घेण्यास बंदी आहे. डोळ्यांवर चष्मा, तोंडांत स्नॉर्केलची नळी, पोहतां येत नसल्यास तरंगणारें जाकीट, आणि सरकारमान्य वाटाड्या, एवढ्यावर पाण्यावर तरंगत पाहावयाचें असतें. एका वेळीं ८० माणसें व ४५ मिनिटें, अशी मर्यादा आहे. मांटापासून निदान तीन मीटर अंतर ठेवावें, त्याचा पाठलाग करूं नये, त्यास स्पर्श करूं नये. आपण स्वस्थ राहिलों तर तो स्वतः जवळ येतो. मादी सुमारें वर्षभराच्या गर्भारपणानंतर एकच पिल्लूं घालते, आणि दर वर्षीं नव्हे. अशा जातीस एकदां ओहोटी लागली कीं ती लौकर भरून निघत नाहीं. प्रवाळावर पाय ठेवूं नये. तो दगड दिसला तरी जिवंत आहे. अंगास उन्हाचीं मलमें फांसण्यापेक्षां लांब बाह्यांचा पोशाख घालावा.

प्रवाळाविषयीं एक गोष्ट वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलों होतों. समुद्र नेहमींहून अंश-दोन अंश अधिक तापला व तसाच राहिला, तर प्रवाळ आपल्या अंगांतील सूक्ष्म वनस्पति बाहेर टाकतो, पांढरा पडतो, आणि ताप ओसरला नाहीं तर मरतो. १९९८ सालीं मालदीवच्या उथळ पाण्यांतील बहुतेक प्रवाळ असा मेला. पुढें तो पुन्हां वाढला, तों २०१६ सालीं तेंच झालें, आणि २०२४ सालीं पुन्हां. दोन आपत्तींमधील अवधि कमी होत चालला आहे. बेटें उभीं आहेत तीं प्रवाळावर, किनाऱ्याची पांढरी वाळू पुष्कळशी पोपटमाशानें प्रवाळ चावून टाकलेली. आपण विमानानें तेथें जातों, त्याचाहि धूर याच तापांत भर घालतो. हें सर्व आम्हीं बंधूंस वाचून दाखविलें. कारण घरच्या निर्णयांत हा मुद्दा झांकून ठेवणें योग्य नव्हतें. भावजय म्हणाल्या, “म्हणजे जाऊंच नये ना?” नात शेजारीं बसून ऐकत होती. ती म्हणाली, “मोठे आजोबा, मी मोठी होईपर्यंत तो राहील का?”

या प्रश्नास ‘राहील’ असें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. ‘राहणार नाहीं’ असेंहि कोणास खात्रीनें म्हणतां येत नाहीं. आम्हीं तिला एवढेंच सांगितलें कीं, तेथील संशोधकांनीं २००५ पासून पोटावरील ठिपके ओळखून चार हजारांहून अधिक मांटांची नोंद ठेविली आहे, आणि असें काम पुढें चालविण्यास वहींत ठिपके टिपणारीं मुलेंच लागतात.

शेवटीं निर्णय झाला तो असा. पाण्यावरची बंगली नको. तिच्या तीन रात्रींच्या पैशांत धरवंदूच्या साध्या वसतिगृहांत सहा रात्री राहावें. कारण वन्य प्राणी कोणाच्या करारानें बांधलेला नसतो, आणि त्याच्या भेटीची शक्यता दिवसांच्या संख्येनेंच वाढते. २०२७ पर्यंत थांबावें. तोंपर्यंत नातीनें व बंधूंनीं गांवांतील तलावांत पोहणें शिकावें. दरम्यान दरवर्षीं दूरची दुसरी सहल करूं नये. राहतां राहिला दिवाळीचा प्रश्न. भाऊबीज उरकून निघालें तर उधाण ओसरतें, आणि भाऊबिजेपूर्वीं घर सोडणें आमच्या भावजयींस मान्य होणार नाहीं, असें आम्ही धरून चाललों होतों. आम्हीं तो विषय काढला नाहीं. पंचांग त्यांच्यापुढें उघडून ठेवलें, एवढेंच.

दोन दिवसांनीं त्या आमच्याकडे आल्या व म्हणाल्या, “दादा, लक्ष्मीपूजन आणि पाडवा घरीं करूं. दुसऱ्या दिवशीं पहाटे निघूं. ओंवाळणीचें तबक मी पिशवींत घालीन. भाऊबीज तेथें खोलींत होईल. निरांजन लावायला तेथें मनाई नाहीं ना?” आम्हीं म्हटलें, वसतिगृहवाल्यांस आधीं विचारून घेऊं. तें पत्र आम्हींच लिहिलें आहे, आणि उत्तराची वाट पाहत आहों.

ज्या घरांत असा बेत चालला असेल, त्यांनीं पैसे भरण्यापूर्वीं कागदावर तीन प्रश्न लिहून काढावे : आपणांस नेमकें काय पाहावयाचें आहे, तें कोणत्या वाऱ्यांत कोणत्या बाजूस असतें, आणि त्या दिवशीं तिथि कोणती. पत्रकांतील ‘शक्य झाल्यास’ हे शब्द मात्र घरांतील सर्वांनीं मोठ्यानें वाचावे.